आचरा: फायबरच्या लँडलाइनवर पावसात खरखर, सिप नंबरावर एकतर्फी आवाज आणि अर्ध्या मिनिटात तुटणारे कॉल

खाजणवाट (प्रश्न)

आचरा, तालुका मालवण. समुद्रापासून तीनेकशे मीटरवर घर, आणि ४० मीटर सोडून पर्यटकांसाठी चार खोल्या. दोन फोन चालवायचे आहेत.

पहिला म्हणजे जुना ०२३६५ चा लँडलाइन नंबर. तो तांब्यावरून फायबरवर आला. ओएनटी, म्हणजे फायबर जिथे घरात संपते ते कंपनीचं यंत्र, माजघरात आहे. त्याच्या फोनच्या भोकातून निघालेली वायर जुन्या रोझेटमध्ये (भिंतीवरच्या फोनच्या डबीत) घातली आहे, म्हणजे आधीची वायरिंग जशीच्या तशी. एक फोन ओटीवर, एक स्वयंपाकघरात, एक पलीकडे खोल्यांच्या पडवीत. पाऊस धरला की खरखर सुरू होते, आणि बाहेरून लावणाऱ्याला तासन्‌तास एंगेज लागतो. घरात कोणी रिसीव्हर उचललेला नसतो.

दुसरा बुकिंगसाठीचा सिप नंबर, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन. तो दुसऱ्या कंपनीच्या वायरलेस इंटरनेटवर, ग्रँडस्ट्रीम एचटी ८०१ या एका पोर्टच्या डब्यावर, ज्याला साधा फोन जोडता येतो. इथे तीन तक्रारी: कधी आपला आवाज पलीकडे जातो पण त्यांचा येत नाही, काही कॉल बरोबर अर्ध्या मिनिटाने तुटतात, आणि डबा बंद-चालू केल्यावर थोडा वेळ कॉल येतात, मग थांबतात. आपण एक कॉल लावला की परत जरा वेळ येऊ लागतात.

शिवाय खोल्यांत मोबाइलला रेंज नाही, आणि लाइट गेली की दोन्ही फोन गप्प. सुरुवात कुठून करावी?

चिरेबंदी

दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र तपासायला बसू नका. मी लँडलाइनपुरतं लिहितो.

फायबरवर खरखर येत नाही. तिथे आवाज आकड्यांत जातो. बिघाड असेल तर शब्द गळतात, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, नाहीतर फोन मुका पडतो. खरखर आणि भुणभुण ही तांब्याच्या तारेचीच लक्षणं. म्हणजे दोष ओएनटीच्या फोनच्या भोकापासून पुढे, घरातल्या वायरीत आहे. कंपनीकडे तक्रार नोंदवलीत तर माणूस येईल, ओएनटीला हातातला फोन लावून बघेल, आवाज स्वच्छ येईल आणि तक्रार बंद होईल. त्याचं चूकही नाही.

एंगेजचं कारणही तेच. ओएनटी त्या दोन तारांवर साधारण ४८ व्होल्ट देऊन ठेवतो. रिसीव्हर उचलला की वीसेक मिलिअँपिअर वाहू लागतात, त्यावरून त्याला कळतं. ओल्या जोडातून पुरेसा करंट गळला तरी त्याच्या लेखी रिसीव्हर उचललेलाच.

तपासणी अशी करा. रोझेटकडे जाणारी वायर ओएनटीतून काढा आणि साधा वायरचा फोन हातभर कॉर्डने थेट लावा. कॉर्डलेस नको. पाऊस चालू असताना दोन-चार कॉल करा. स्वच्छ आले की ओएनटी सुटला.

मग रोझेट उघडा. खांबावरून आलेली जुनी तांब्याची जोडी अजून त्याच स्क्रूंवर बसलेली असते, हे हमखास राहून जातं. ती बाहेर भिजते, विजेला वाट देते, आणि डीपीच्या (कंपनीच्या बाहेरच्या जोडणीच्या पेटीच्या) टोकाला तिचं काय झालंय कोणाला माहीत नसतं. दोन्ही तारा सोडवा, टोकं वेगवेगळी टेप करून बाहेर ढकला.

आता मल्टिमीटर. ओएनटी सोडवलेला, तिन्ही फोन काढलेले. जोडीच्या दोन तारांत ओहम मोजा, २० मेगोहमच्या रेंजवर. कोरड्या चांगल्या वायरीत आकडा येऊच नये. काहीशे किलोहम दिसले तर कुठेतरी ओल आहे. पाच किलोहमच्या आसपास आला तर तुमचा एंगेज तिथेच सापडला. नंतर एकेक शाखा सोडवून पुन्हा मोजा. पैज लावायची तर मी पडवीच्या ४० मीटरवर लावीन. मोजणी पावसातच करा, उन्हात ती वायर निर्दोष निघेल. मात्र विजा चमकत असतील त्या दिवशी वायरीला हात नको.

सापडलेला तुकडा बदला, सांधू नका. खाऱ्या हवेत तांब्यावर पितळी भांडं कळकावं तसा हिरवा थर चढतो आणि तो इन्सुलेशनखाली वीतभर आत गेलेला असतो. बाहेरून जाणाऱ्या भागाला जेली भरलेली केबल घ्या, पीव्हीसी पाइपात टाका, सांधा लागलाच तर जेली कनेक्टर पक्कडीने दाबून बसवा. काळी टेप गुंडाळू नका. ती सुटते आणि सुटेपर्यंत आत पाणी धरून ठेवते.

जुन्या फोनवर टोन आणि पल्सचं बटण असतं, ते टोनवर ठेवा. बरेच ओएनटी पल्स ओळखतच नाहीत. घंटीचे जुने जड फोन असतील तर एका पोर्टवर तीन वाजवणं ओएनटीला झेपत नाही, घंटी अर्धवट वाजते. हलके इलेक्ट्रॉनिक फोन तीन चालतात.

जाता जाता ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा बघून इथे टाका.

पागोळी

सिप नंबराकडे येतो. तुमच्या तीन तक्रारींत कॉल *कधी* बिघडतो हे तुम्ही नीट लिहिलंय, त्यावरून अर्धं काम झालं.

सिपमध्ये बोलावणं आणि बोलणं वेगळ्या वाटांनी जातं. घंटी वाजवणं, उचललं-ठेवलं सांगणं हे सिप, बहुतेक ५०६० नंबरच्या पोर्टवर. प्रत्यक्ष आवाज आरटीपीने, दर कॉलला नव्या पोर्टवर. डबा पलीकडच्याला सांगतो, 'आवाज या पत्त्यावर पाठव'. राउटरच्या मागे बसलेला डबा १९२.१६८ ने सुरू होणारा घरातला पत्ता सांगून बसला, किंवा राउटरने मधे हात घालून चुकीचा पत्ता लिहिला, की त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमचा त्यांना जातो, कारण त्यांचा पत्ता खरा असतो.

मधे हात घालणाऱ्या त्या सोयीचं नाव सिप एएलजी. मदतीसाठी केलेली, आणि घरगुती राउटरांत बहुधा नडणारी. राउटरच्या सिक्युरिटी किंवा ऍप्लिकेशन या पानाखाली एएलजीची यादी असते, त्यात सिपसमोरची खूण काढा. आधी राउटर रीस्टार्ट, तो पूर्ण वर आला की मग डबा. उलट क्रमाने केलंत तर जुनी नोंद राहते आणि वाटतं काही फरक पडला नाही.

अर्ध्या मिनिटाने तुटणारा कॉल: घड्याळ लावून बघा, ३२ सेकंद भरतील. तुम्ही फोन उचललात की डबा '२०० ओके' पाठवतो आणि समोरून 'एसीके' ही पोच यायची वाट बघतो. पोच आली नाही तर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. सिपच्या नियमात मूळ वेळ अर्धा सेकंद, त्याच्या ६४ पट थांबायचं, म्हणजे ३२ सेकंद. मग कॉल सोडून देतो. म्हणजे पोच वाटेत हरवते आहे, आणि संशयित पुन्हा एएलजी नाहीतर नॅट, म्हणजे घरातले सगळे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे ठेवणारी राउटरची व्यवस्था. कॉल १५ मिनिटांनी तुटत असते तर मी वेगळं सांगितलं असतं, तिथे सेशन टायमर बघावा लागतो. १८०० सेकंदांचा करार असतो आणि निम्म्यावर, ९०० ला, तो ताजा करतात. ते नूतनीकरण अडलं की कॉल जातो.

तिसरी तक्रार नॅटच्या विसरभोळेपणाची. डबा सर्व्हरला हजेरी लावतो तेव्हा राउटरात एक फट उघडते, येणारे कॉल त्यातून आत येतात. काही वेळ त्या वाटेने काही गेलं नाही की राउटर फट बुजवतो. यूडीपीला (सिप बहुधा ज्या पद्धतीने पाकिटं पाठवतं तिला) ही मुदत कित्येक राउटरांत मिनिटाहूनही कमी असते. हजेरी मात्र तासाने. मधल्या वेळात सर्व्हर हाका मारतो, दार बंद. तुम्ही कॉल लावला की फट पुन्हा उघडते, म्हणून नंतर जरा वेळ कॉल येतात.

उपाय: डब्याला लावलेल्या फोनवरून तीन वेळा स्टार दाबा, मग ०२, तो आपला आयपी पत्ता बोलून दाखवेल. तो ब्राउझरमध्ये टाका. एफएक्सएस पोर्टच्या (फोन जोडायच्या भोकाच्या) पानावर 'नॅट ट्रॅव्हर्सल'ला 'कीप-अलाइव्ह' निवडा, त्याचा अवधी २० सेकंद. 'रजिस्टर एक्स्पिरेशन' मिनिटांत असतं, ६० च्या जागी ५ करा. 'यूज रँडम सिप पोर्ट' होय. 'फक्त सिप प्रॉक्सीकडून येणारे संदेश घ्या' अशा अर्थाचं कलम आहे, तेही होय, नाहीतर रात्री दोन वाजता १०० किंवा १००१ अशा नंबरावरून फोन वाजेल आणि उचलल्यावर पलीकडे कोणी नसेल. ती भुताटकी नव्हे, इंटरनेटभर उघडी सिप पोर्टं हुडकत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांची थाप असते. अॅडमिनचा पासवर्ड बदला आणि परदेशी कॉल लागत नसतील तर सेवा देणाऱ्याकडून आयएसडी बंद करून घ्या.

कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतींच्या यादीत, पहिला पीसीएमए ठेवा, म्हणजे जी-७११ चा ए-लॉ, भारतात तोच चालतो. एका कॉलला एका दिशेने इथरनेटवर साधारण ८७ केबीपीएस लागतात. वायरलेस लाइन फारच बारीक असेल तर जी-७२९, साधारण ३१ केबीपीएस. तेव्हा 'डीटीएमएफ' (बटणं दाबल्याचे सूर) आरएफसी २८३३ वर असलंच पाहिजे, नाहीतर 'मराठीसाठी एक दाबा'ला एक दाबलेलं कळणार नाही.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला बाहेरचा पत्ता) काय दिसतो ते कळवा.

रातांबा

पागोळींच्या यादीत एक भर. डायल प्लॅन, म्हणजे फिरवलेला नंबर कधी पूर्ण झाला हे डब्याला सांगणारा नियम. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतो. डब्यात दहा आकड्यांवर थांबणारा प्लॅन घातला असेल तर शून्य धरून अकरावा आकडा कापला जातो आणि 'नंबर अस्तित्वात नाही' ऐकू येतं. सिप कंपनीला मात्र नंबर कोणत्या रूपात हवा हे तिच्याच कागदावर बघा, काहींना ९१ लावून हवा असतो. आणि नंबर फिरवल्यावर चार सेकंद शांतता वाटते ती बिघाड नव्हे, डबा आणखी आकड्याची वाट बघतो. शेवटी हॅश दाबा, लगेच जातो.

खाजणवाट

थेट ओएनटीला लावून पावसात बोललो, आवाज स्वच्छ. जुनी खांबाची जोडी खरंच रोझेटमध्ये होती. ती सोडवून मोजलं: ओटी आणि स्वयंपाकघर, आकडा नाही. पडवीची शाखा ७ किलोहम. पडवीत खांबाला ठोकलेल्या चौकोनी डबीत पाणी आणि मुंग्यांची माती.

ऑप्टिकल पॉवर उणे २६.८ डीबीएम.

राउटरचा वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो. एएलजी चालू होतं, बंद केलं. एकतर्फी आवाज आणि ३२ सेकंद दोन्ही गेलं. येणारे कॉल कीप-अलाइव्हनंतर टिकतात, पण रात्री नऊ-दहाच्या सुमारास आवाज तुटतो. ५०६० पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरात ते कायम उघडं ठेवून, बघू का?

चिरेबंदी

पडवी निकालात निघाली. तिथे तार नव्याने ओढण्यापेक्षा कॉर्डलेसचा बेस ओटीवर ठेवून बघा, चिऱ्याच्या भिंती किती मधे येतात त्यावर ठरवा.

उणे २६.८ मात्र मला आवडलेलं नाही. नेहमीच्या घरगुती फायबरच्या (जीपॉन) ओएनटीची सीमा उणे २७ आहे. आज चालतंय, एका गरम दुपारी किंवा वाऱ्याच्या रात्री प्रकाश पोचत नाही असं सांगणारा एलओएसचा लाल दिवा लुकलुकेल. उणे १५ ते २४ च्या दरम्यान असावा.

आधी डोळ्यांनी बघा. ओएनटीमागची पिवळी किंवा पांढरी दोरी खिळ्यावरून कोनात मोडली आहे का, कपाटामागे चेपली आहे का. वळण नारळाच्या करवंटीएवढं गोल ठेवा, त्याहून घट्ट नको. टोकाचा कनेक्टर हिरवा असेल तर तो हिरव्याच खाचेत बसायला हवा. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघांची गाठ घातली की बराच प्रकाश वाया. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. प्रकाश दिसत नाही, पण असतो.

हे सगळं ठीक असेल तर दोष बाहेर. पावसाने काचेला काही होत नाही, पण माडाची झावळ पडून केबल ताणली जाते, माकडं लोंबकळतात, सांध्याच्या डब्यात पाणी शिरतं. कंपनीला 'इंटरनेट स्लो आहे' असं सांगू नका. 'पॉवर उणे २६.८ आहे, ड्रॉप आणि स्प्लिटरचं पोर्ट तपासा' असं सांगा. ड्रॉप म्हणजे बाहेरून घरात येणारी केबल, स्प्लिटर म्हणजे एका फायबरचे अनेक फाटे करणारा भाग. मग माणूस मीटर घेऊन येतो.

पागोळी

पोर्ट फॉरवर्ड करू नका. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपनीच्या सामाईक नॅटमधले असतात. म्हणजे तुमच्या दाराबाहेर आणखी एक दार आहे आणि त्याची किल्ली कंपनीकडे. तुम्ही आपलं दार उघडून काही उपयोग नाही. कीप-अलाइव्ह हाच मार्ग. सिप कंपनी टीएलएस, म्हणजे टीसीपीवरून कुलूपबंद संदेश, देत असेल तर ५०६१ वर जा; टीसीपीची वाट नॅट जास्त वेळ लक्षात ठेवतो, शिवाय मधल्या कुठल्याही एएलजीला आतलं वाचता येत नाही.

रात्री नऊचं कोडं सोपं: पाहुणे. दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ त्याच वायरलेस लाइनवरून वर चढत असतात. अपलोडची रांग भरली की तुमच्या आवाजाची पाकिटं रांगेत मागे. खात्री करायची तर त्या वेळी कॉम्प्युटरवरून सिप सर्व्हरला १०० पिंग (जाऊन परत येणारी चाचणीची पाकिटं) करा. सकाळी आणि रात्री, दोन्ही आकडे लिहून ठेवा. गळती एक टक्क्याच्या आत हवी, वेळेतला चढउतार तीसेक मिलिसेकंदांत. सरासरी बघून फसू नका, सर्वांत मोठा आकडा बघा.

मग राउटरात क्यूओएस, म्हणजे कोणाची पाकिटं आधी जायची ते ठरवणं. लाइनचा खरा अपलोड मोजा, समजा ४ एमबीपीएस आला, तर मर्यादा ३.४ ठेवा, म्हणजे रांग कंपनीकडे न लागता तुमच्या राउटरात लागेल आणि तिथे डब्याला पुढे काढता येईल. मर्यादाच घातली नाही तर प्राधान्य नुसतं कागदावर. खरं तर डबा त्या वायरलेसवर ठेवलाच का आहे? फायबरची पॉवर सुधारली की तो ओएनटीच्या लॅन पोर्टला लावा. सिपला कुठलं इंटरनेट आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फक्त ओएनटीमधलं एएलजीही बंद करा.

डोलकाठी

लाइट आणि विजेचं राहिलं.

तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून लाइट गेली तरी चालायचा. फायबरला तसं नाही. ओएनटी सुमारे ८ ते १० वॉट, डबा ३. दोन्ही मिळून १२ धरा. बाजारात राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, त्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा, १२ व्होल्टचा नव्हे. गुणाकार केला तर ३२ वॉट-अवर, रूपांतरात थोडे गेले, राहतात २७. म्हणजे सव्वादोन तास. वादळात ते पुरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा पॉइंट त्यावर घ्या. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीला १२ वॉट म्हणजे काहीच नाही. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा, सगळ्यांचे १२ नसतात. पिन बसते म्हणून लावायचं आणि डबा जाळायचा, हा प्रकार फार.

तुमच्याकडे वीज असूनही फोन बंद राहू शकतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, पण पलीकडच्या टोकाच्या यंत्राला लागते. ओएनटीवरचा पॉनचा (फायबरच्या वाटेचा) दिवा हिरवा स्थिर आणि फोनचा बंद, तर वाट शाबूत आहे, नोंदणी अडली आहे. पॉनच लुकलुकत असेल तर फोनची सेटिंगं चाळत बसू नका.

वीज पडण्याचा धोका वळवाच्या आणि परतीच्या पावसात जास्त. काचेतून ती येत नाही. येते अडॅप्टरमधून, इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून, आणि ड्रॉप केबलला आधारासाठी असलेल्या पोलादी तारेतून. ती तार भिंतीबाहेर हुकाला संपवा, ओएनटीपर्यंत आणू नका. गडगडू लागलं की अडॅप्टर आणि फोनची वायर काढा. फायबर काढू नका, दर वेळी काढलंत तर टोकाला धूळ बसेल.

घरापासून खोल्यांपर्यंत नेटवर्क न्यायचं तर तेही फायबरने, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी). ४० मीटर लॅन केबल चालते, पण पहिल्या मोठ्या कडकडाटात दोन्हीकडची पोर्टं घेऊन जाते.

रातांबा

आणि ते केलंत की खोल्यांतल्या रेंजचाही प्रश्न सुटला. खोल्यांकडे एक ऍक्सेस पॉइंट लावा. पाहुण्यांनी मोबाइलच्या सिमच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं की त्यांचा नेहमीचाच नंबर वाय-फायवरून चालतो, वेगळं अॅप लागत नाही. फोन अर्ध्या दांडीच्या मोबाइल रेंजला चिकटून बसला तर फ्लाइट मोड लावून वाय-फाय परत चालू करायचं. वाय-फाय कॉलिंगसाठी राउटरातून यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्टं बाहेर जाऊ द्यायला हवीत. गेस्ट वाय-फायवर 'फक्त ब्राउझिंग' असली चाळणी लावलेली असते, ती आधी काढा. चिऱ्याच्या भिंतीला ५ गिगाहर्ट्‌झ फारसं दाद देत नाही, २.४ चालू ठेवा.

दुबईहून घरच्यांचा व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही अशी तक्रार आली तर मात्र राउटर उचकटू नका. ती अमिरातीकडची बंदी आहे. आणि त्यावर तोड म्हणून लँडलाइनला गेटवे लावून तिकडचे इंटरनेट कॉल इकडच्या नंबरावर उतरवायची कल्पना कोणी सुचवली तर नको म्हणा. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

खाजणवाट

पिंग केले. सकाळी १०० पैकी १०० आले, सर्वांत मोठा ६१ मिलिसेकंद. रात्री साडेनऊला ९३, सर्वांत मोठा ८४०. डबा फायबरवर हलवतो.

ओएनटीचा कनेक्टर हिरवा, खाच पण हिरवी. केबल मात्र देवघराच्या चौकटीत दाराखाली चेपली होती. सोडवून गोल केली, आता उणे २३.१. देव बरे करो.

एकच राहिलं. ओटीवरच्या जुन्या सीएलआय (लावणाऱ्याचा नंबर दाखवणाऱ्या) फोनवर लँडलाइनला नंबर दिसतो, सिप डब्याला लावला की दिसत नाही.

पागोळी

डब्यात 'कॉलर आयडी स्कीम' (नंबर फोनला कळवायची पद्धत) बेलकोर असेल. आपल्याकडचे जुने सीएलआय फोन बरेचदा डीटीएमएफचे असतात. यादीतला डीटीएमएफचा पर्याय निवडून सेव्ह आणि रीबूट करा. त्याच पानावर घंटीची फ्रीक्वेन्सी २० हर्ट्‌झ दिसली तर २५ करा.